लस, लोकल आणि लेखी कारण

एक साधा हिशेब करू. उल्हासनगर कॅम्प ४मध्ये राहणारा, तीस वर्षांचा, दादरच्या एका दुकानात काम करणारा माणूस समजा. अत्यावश्यक सेवेच्या यादीत तो बसत नाही. लस घ्यायला त्याची ना नाही, उलट घाईच आहे. १ मे २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुलं झालं खरं, पण लसच पुरेशी नसल्यामुळे राज्याने काही दिवसांत ते थांबवलं. २१ जूनपासून केंद्राच्या नव्या धोरणानुसार सगळ्या प्रौढांना मोफत लस सुरू झाली. आपला माणूस २२ जूनला सरकारी केंद्रावर रांग लावतो आणि कोविशील्डचा पहिला डोस घेतो. दोन डोसांमध्ये त्या वेळी किमान ८४ दिवसांचं अंतर बंधनकारक होतं. म्हणजे दुसरा डोस लवकरात लवकर १४ सप्टेंबरला. त्यानंतर आणखी १४ दिवस थांबायचं. तारीख येते २८ सप्टेंबर.

लोकल मात्र १५ ऑगस्टला उघडली, दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांसाठी. सरकारने सांगितलेलं सगळं, सांगितलेल्या क्रमाने, शक्य तितक्या लवकर केलेला हा माणूस ४४ दिवस फलाटाबाहेर राहतो. त्याच २२ जूनला त्याने खासगी रुग्णालयात कोव्हॅक्सिन घेतली असती, तर दुसरा डोस २८ दिवसांनी, २० जुलैला झाला असता आणि ३ ऑगस्टला तो पात्र ठरला असता. खासगी रुग्णालयातला कोव्हॅक्सिनचा कमाल दर तेव्हा डोसामागे १,४१० रुपये होता. दोन डोसांचे २,८२० रुपये. ज्याच्याकडे ते होते, त्याला स्वातंत्र्यदिनी लोकल मिळाली. ज्याच्याकडे नव्हते, त्याला सप्टेंबरअखेर.

लस घ्यावी असं माझं मत आहे, आणि या लेखाच्या शेवटीही ते तेच असणार आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. एखादी गोष्ट करणं माझं कर्तव्य आहे हे मान्य केलं, तर ती मी केली नाही म्हणून सरकारने माझं काम बंद करावं का? करावं म्हणालात, तर त्याआधी सरकारने मला काय सांगायला हवं? हे दोन प्रश्न आपण त्या दोन वर्षांत एकच समजून बोललो. लसीच्या बाजूचे लोक सक्तीच्याही बाजूचे आणि सक्तीच्या विरोधातले लोक लसीच्याही विरोधातले, अशी सरळ वाटणी झाली. न्यायालयांनी मात्र हे प्रश्न वेगळे ठेवले. ते त्यांनी कसे ठेवले हे नीट पाहण्यासारखं आहे.

* * *

आधी सक्तीची व्याप्ती आठवून घेऊ, कारण ती आपण विसरत चाललो आहोत.

४ एप्रिल २०२१च्या ‘ब्रेक द चेन’ आदेशात घरपोच माल पोचवणाऱ्या मुलांना सांगितलं गेलं की लस घ्या, आणि ती घेईपर्यंत १५ दिवसांच्या आतला निगेटिव्ह आरटीपीसीआर अहवाल जवळ ठेवा. त्या आठवड्यात लस फक्त ४५ वर्षांवरच्यांना मिळत होती, आणि माल पोचवणारी मुलं बहुतेक पंचविशीतली. म्हणजे पर्याय एकच उरला, चाचणी. प्रयोगशाळेत जाऊन केली तर ५०० रुपयांना एक, म्हणजे महिन्याला हजार. दहाएक दिवसांत कडक टाळेबंदी लागली आणि तो नियम मागे पडला, पण त्याची घडण लक्षात ठेवण्यासारखी आहे. जी गोष्ट मिळतच नाही ती नसल्याबद्दलचा खर्च कामगाराच्या माथी.

नोव्हेंबर २०२१मध्ये आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ठाणे महापालिकेने जाहीर केलं की पहिला डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांना पगार मिळणार नाही, आणि मुदत होऊनही दुसरा डोस न घेतलेल्यांनाही मिळणार नाही. त्याच महिन्यात औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, किमान एक डोस घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस आणि रेशन देऊ नये असा आदेश निघाला. २७ नोव्हेंबरच्या राज्याच्या आदेशाने दुकानं, मॉल, कार्यक्रम, सार्वजनिक वाहतूक या सगळ्या ठिकाणी काम करणारे आणि येणारे दोघेही पूर्ण लसीकरण झालेले असावेत असं ठरवलं आणि मोडणाऱ्यांना दंड लावला.

या सगळ्या काळात केंद्र सरकारची अधिकृत भूमिका काय होती? लसीकरण ऐच्छिक आहे. जानेवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रात केंद्राने हेच लिहून दिलं, की कोणाच्याही इच्छेविरुद्ध लस देण्याची कल्पना आमच्या मार्गदर्शक सूचनांत नाही आणि कोणत्याही कामासाठी प्रमाणपत्र बाळगणं आम्ही बंधनकारक केलेलं नाही. दिल्लीत ऐच्छिक, ठाण्यात पगार बंद. एकाच नागरिकाला एकाच सुईबद्दल दोन सरकारं दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती.

* * *

सक्तीच्या बाजूचा युक्तिवाद कमजोर नव्हता, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा.

‘माझं शरीर, माझा निर्णय’ हे वाक्य बंगल्यात राहणाऱ्या माणसाला जितकं सहज म्हणता येतं तितकं चार नंबरमध्ये म्हणता येत नाही. हे शहरच मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमधून उभं राहिलं. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आणून वसवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. बराकी पुढे फुटल्या, वाढल्या, त्यांच्यावर मजले चढले. मराठा सेक्शन किंवा सुभाष टेकडीच्या गल्लीत एका घरातला खोकला तीन घरांत ऐकू येतो. इथे माझ्या शरीराचा निर्णय शेजारच्या आजीच्या फुप्फुसापर्यंत जातो. सकाळी विठ्ठलवाडीला लोकलच्या दारात लटकणाऱ्याला तर स्वतःचं शरीर कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हेही सांगता येणार नाही.

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली मांडलेलं तत्त्व सगळ्यांना तोंडपाठ आहे. माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन घालायचं तर ते दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठीच. साथ हे त्या इजेचं अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण. शिवाय दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन आणि खाटांसाठी लोक कसे फिरले ते आपण पाहिलं आहे. लसीमुळे गंभीर आजार आणि मृत्यू मोठ्या प्रमाणात टळले हे निर्विवाद आहे. मी लस घेतली नाही आणि खाट अडवली, तर ती दुसऱ्या कोणाची तरी खाट असते.

त्यामुळे लस घेणं हे कर्तव्य आहे, असं मी मानतो. इथपर्यंत सक्तीवाले आणि मी बरोबर चालतो. वाट फुटते ती पुढे. ‘हे तुझं कर्तव्य आहे’ यातून ‘म्हणून तुझा पगार बंद’ हे आपोआप निघत नाही. मधे दोन-तीन पायऱ्या आहेत आणि त्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी उत्तर द्यायचं असतं. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणं हेही कर्तव्य आहे. न सांभाळणाऱ्याला कायदा निर्वाहखर्च द्यायला लावतो, पण ते लावण्याआधी त्याचं ऐकून घेतो, रक्कम ठरवतो, अपिलाची सोय ठेवतो. कर्तव्य जितकं मोठं, तितकी ते वसूल करणाऱ्यावरची जबाबदारीही मोठी.

* * *

पहिली पायरी अशी की हा निर्णय घेतला कोणी?

लोकलबंदीविरुद्धच्या जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्या. मकरंद कर्णिक यांच्यासमोर चालल्या. फेब्रुवारी २०२२मध्ये न्यायालयाने जे बोट ठेवलं ते विज्ञानावर नव्हतं. जुलै आणि ऑगस्ट २०२१चे आदेश तत्कालीन मुख्य सचिवांनी राज्य कार्यकारी समितीचे प्रमुख म्हणून काढले होते. महाराष्ट्र आपत्ती व्यवस्थापन नियम, २०१९ प्रमाणे असे निर्णय समितीने घ्यायचे असतात. इथे समितीशी विचारविनिमय न होताच आदेश निघाले होते. नियमांना सोडून निघालेल्या या आदेशांनी नागरिकांच्या मुक्त संचाराच्या मूलभूत हक्काला हात घातला, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. राज्याने साथ चांगली हाताळली असं न्यायालयानेच म्हटलं होतं आणि हे आदेश मागे घ्या असं सुचवलं होतं. राज्याने ते मागे घेतले, आणि लगेच १ मार्चच्या नव्या आदेशात तीच अट परत घातली. न्यायालयाने नाराजी व्यक्त केली, नव्या आदेशाला आव्हान देण्याची मुभा ठेवली आणि याचिका निकाली काढल्या. महिन्याभरात, गुढीपाडव्याच्या तोंडावर, राज्याने सगळेच निर्बंध उठवले.

अनेकांना हा निकाल ‘तांत्रिक’ वाटला. सही एकट्याची होती, समितीची नव्हती, म्हणून काय लगेच विषाणू पळाला? उल्हासनगरच्या माणसाला तर हे जास्तच वाटेल. इथल्या ८५५ इमारती बेकायदा म्हणून पाडण्याचा आदेश याच उच्च न्यायालयाने दिला होता, आणि त्यानंतर २००६ साली त्या नियमित करण्यासाठी खास कायदा झाला. कागदावरचं बेकायदा पुढच्या कागदाने कायदेशीर होतं हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. मग सही कोणाची याला इतकं महत्त्व कशाला?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एकट्याने लिहिलेला कोड थेट प्रॉडक्शनवर टाकायची मनाई असते. दुसऱ्या कोणीतरी तो वाचायचा, शंका विचारायच्या, मग तो पुढे जायचा. लिहिणारा मूर्ख असतो म्हणून हा नियम नाही. अगदी हुशार माणसालाही स्वतःच्या गृहीतकांच्या बाहेरचा वापरकर्ता दिसत नाही, म्हणून आहे. वर केलेला ८४ अधिक १४चा हिशेब आठवा. तो करायला संगणकही लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. समितीच्या बैठकीत एका माणसाने जरी विचारलं असतं की मोफत लस २१ जूनला सुरू झाली, मग १५ ऑगस्टला तरुणांपैकी पात्र कोण असेल, तर अट बदलली असती असं नाही, पण निदान एक डोस आणि एक चाचणी असा पर्याय टेबलावर आला असता. समितीची अट ही त्या प्रश्नासाठीची जागा आहे. ती जागा गाळली की प्रश्नही गळतो. त्यामुळे या निकालाला ‘तांत्रिक’ म्हणून बाजूला सारता येत नाही. तातडीच्या वेळी आम्हीही पाहणीशिवाय दुरुस्ती टाकतो, रात्री दोनला टाकतो. पण सकाळी ती सगळ्यांसमोर ठेवावी लागते. जुलै-ऑगस्टच्या आदेशांची अशी सकाळ फेब्रुवारीपर्यंत उगवली नव्हती.

* * *

दुसरी पायरी कारणाची.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जेकब पुलियल यांच्या याचिकेवर निकाल दिला. न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांचं खंडपीठ होतं. या निकालाचं अर्धंच वाक्य बातम्यांमध्ये फिरलं, की कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही. निकाल त्याहून बारकाईचा आहे. शरीराची स्वायत्तता अनुच्छेद २१खाली संरक्षित आहे, म्हणून कोणाला जबरदस्तीने टोचता येणार नाही, हे एक. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालू शकतं, पण ती मर्यादा कायद्यात बसणारी, योग्य हेतूची आणि प्रमाणात असली पाहिजे, हे दोन. आणि लस न घेतलेल्याकडून संसर्ग पसरण्याचा धोका लस घेतलेल्यापेक्षा जास्त आहे असं दाखवणारी कोणतीही माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नाही, म्हणून त्या वेळच्या परिस्थितीत लस न घेतलेल्यांना सार्वजनिक जागा, सेवा आणि साधनं नाकारणं प्रमाणात बसत नाही, हे तीन. रुग्णसंख्या कमी आहे तोवर अशा अटींचा फेरविचार करावा असं न्यायालयाने सुचवलं, आणि ही सूचना खासगी संस्थांनाही केली. लसीकरणाचं धोरण मात्र न्यायालयाने योग्य ठरवलं. मास्क वगैरे नियमांना हात लावला नाही.

यातला तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरकारचं म्हणणं चूक आहे असं न्यायालय म्हणालं नाही. ते म्हणालं, तुमच्या म्हणण्याला आधार काय तो दाखवा. आणि दाखवायला काही नव्हतं. २०२१च्या मध्यावर असा आधार कदाचित गोळा करता आला असता. लस संसर्गही काही प्रमाणात रोखते असं तेव्हा दिसत होतं. पुढे काळाबरोबर ते संरक्षण उतरत गेलं आणि ओमायक्रॉन आल्यावर लस घेतलेल्यांनाही सर्रास लागण होऊ लागली. गंभीर आजारापासूनचं संरक्षण टिकलं, पण ‘तू घेतली नाहीस म्हणून तुझ्यामुळे मला लागण होईल’ हा युक्तिवाद पातळ झाला. सक्तीचं कारण बदललं होतं. अट तशीच राहिली. कारण लिहिलेलंच नसेल तर ते संपलं केव्हा हे कळणार कसं?

हाच प्रश्न गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०२१च्या जुलैत विचारला होता. लागण दोघांनाही होऊ शकते, तर फक्त लस न घेतलेल्या मजुरांनाच अरुणाचलात कामाचे परवाने का नाकारता? मेघालय उच्च न्यायालयाने आणखी वेगळी वाट काढली. दुकानदार, टॅक्सीवाले यांच्यावर सक्ती करून त्यांचा रोजगार तोडू नका, त्याऐवजी लसीकरण झालं आहे की नाही याची पाटी दुकानात आणि गाडीत ठळक लावा. आत जायचं की नाही ते गिऱ्हाईक ठरवेल. कमी दुखापतीचा उपाय असू शकतो हे तिथे एका न्यायालयाने काही पानांत दाखवून दिलं.

अमेरिकेतही हीच रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली गेली. १३ जानेवारी २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निर्णय दिले. शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या सर्व आस्थापनांत लस किंवा दर आठवड्याला चाचणी, हा सुमारे ८.४ कोटी कामगारांना लागू होणारा नियम सहा विरुद्ध तीन मतांनी थांबवला. सरकारी अनुदान घेणाऱ्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांची सक्ती मात्र पाच विरुद्ध चार मतांनी चालू ठेवली. पहिल्या निकालामागचा विचार असा की कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचं खातं कामातल्या धोक्यासाठी आहे, आणि कोविडचा धोका घरी, शाळेत, मैदानात सगळीकडे सारखाच आहे. या निकालावर तिथे कडाडून टीका झाली. तीन न्यायाधीशांचं विरोधी मत वाचलं तर तेही पटतं, कारण आठ तास बंद हॉलमध्ये शेजारी शेजारी उभं राहणं ही कामगाराची निवड नसते. पण भेद उपयोगाचा आहे. आमच्या कॅम्प ४च्या प्रसूती रुग्णालयातल्या परिचारिकेला लस सक्तीची करणं मला योग्य वाटतं. तिच्या कामात समोरचा माणूस दुबळा आहे आणि त्याला दुसरीकडे जाता येत नाही. कारण तिच्या कामातच लिहिलेलं आहे. महापालिकेच्या नोंदवहीत एकट्याने बसून आकडे भरणाऱ्या कारकुनाचा पगार अडवायचा असेल, तर कारण वेगळं लिहावं लागेल.

* * *

तिसरी पायरी किमतीची.

लससक्तीच्या बाजूने १९०५च्या जेकबसन खटल्याचा दाखला नेहमी दिला जातो. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात देवीची साथ होती, हेनिंग जेकबसनने लस नाकारली आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. तो देताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जेकबसनला झालेला दंड होता पाच डॉलर. तो भरून तो आपल्या कामावर जाऊ शकत होता.

पाच डॉलरचा दंड आणि बंद झालेला पगार यांत फरक फक्त रकमेचा नाही. दंड माणसाला सांगतो की तू चुकलास, त्याची किंमत दे. पगार अडवणं म्हणजे तू मान्य करेपर्यंत तुझ्या घरात चूल पेटणार नाही. सरकार याला सक्ती म्हणत नाही, निवड म्हणतं. ठरव, लस की पगार. आता हीच निवड दोन घरांत नेऊन पाहा. त्या महिन्यांत मी चार नंबरमधल्याच एका खोलीत लॅपटॉपवर बसून काम करत होतो. लोकलची अट मला लागू होती, पण लोकलची गरज नव्हती. माझ्यासाठी लस खरोखरच ऐच्छिक होती. गल्लीतल्या लोकांसाठी नव्हती. म्हणजे ज्याच्याकडे साठवलेले पैसे आणि घरून करण्याजोगं काम आहे, त्याचा विवेक मोकळा. रोज कमवून रोज खाणाऱ्याचा विवेक गहाण. साथ रोखण्यासाठीची अट अशी पडली की तिने शरीराची स्वायत्तता ही मासिक पगारदाराची सवलत करून टाकली.

याला उत्तर म्हणून कोणी सांगेल की नियम सगळ्यांना सारखा होता. सारखा होता, पण त्याचा भार सारखा नव्हता. सुरुवातीला लोकलसाठी फक्त मासिक पासच मिळत होता, एका दिवसाचं तिकीट नव्हतं. महिन्यातून आठ दिवस काम मिळणाऱ्यालाही पास महिन्याचाच घ्यावा लागला. लसीनंतर दोन दिवस ताप आला तर माझी आजारपणाची रजा होती, रोजंदारीवरच्याचे दोन दिवस गेले. लस घ्यायची टाळाटाळ करणाऱ्या अनेकांच्या बाबतीत हे दोन दिवसच खरं कारण असावं असं मला वाटतं. पगार अडवण्याआधी ते दोन दिवस भरून द्यायचा विचार किती ठिकाणी झाला?

* * *

आता माझ्या बाजूवरचा सगळ्यात कठीण आक्षेप. साथ तारखांची वाट पाहत नाही. प्रत्येक अटीसाठी समिती, आकडेवारी, कमी दुखापतीचा पर्याय, अपील असं मागत बसलो तर तोवर माणसं मरतात. आणि न्यायालयांनी तरी काय वेळेत सांगितलं? लोकलची अट ऑगस्ट २०२१ची, उच्च न्यायालयाचे ताशेरे फेब्रुवारी २०२२चे, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे २०२२चा. निकाल हातात आला तेव्हा महाराष्ट्रात अट उरलीच नव्हती. त्या ४४ दिवसांची मजुरी कोणत्याही निकालाने परत दिली नाही.

दोन्ही म्हणणी खरी आहेत. आणि म्हणूनच मला वाटतं, कारण विचारायची जागा न्यायालय ही नव्हेच. ती जागा आदेशाच्या आतच हवी. धोका कोणता, अट त्याला कशी कमी करते, अट पाळता न येणाऱ्याला दुसरा मार्ग कोणता, खर्च कोणाचा, आणि अट आपोआप संपायची तारीख कोणती. या पाच ओळी लिहायला दोन दिवस पुरतात. चुकल्या तरी चालेल. लिहिलेली चूक दाखवता येते, न लिहिलेली नाही. रात्री दोनच्या दुरुस्तीलाही आम्ही एक ओळ कारण जोडतोच, कारण सहा महिन्यांनी ती काढायची की ठेवायची हे ठरवणारा माणूस दुसराच असतो.

हे महाराष्ट्राने तरी शिकायला हवं होतं. साथरोगांचा कायदा इथल्याच प्लेगसाठी ४ फेब्रुवारी १८९७ रोजी आला. त्याने सरकारला हवे ते नियम करायची मुभा दिली, आणि चौथ्या कलमात सद्हेतूने केलेल्या कृतीसाठी कोणावरही दावा लावता येणार नाही असं लिहिलं. काही आठवड्यांत पुण्यात सोजीर घरांत शिरले, बायकामाणसांच्या अंगाला हात लावून तपासण्या झाल्या, आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. रोगी वेगळा ठेवणं हा उपाय म्हणून चुकीचा नव्हता. आजही तेच करतात. पण तो उपाय ज्यांच्यावर होणार त्यांना विचारणं सोडा, सांगणंही त्या व्यवस्थेला गरजेचं वाटलं नाही. तोच कायदा २०२० साली पुन्हा बाहेर काढला गेला, चौथ्या कलमासकट. मधल्या १२३ वर्षांत राज्य आपलं झालं, घटना आली, अनुच्छेद २१ आलं. सद्हेतू असला की उत्तर द्यावं लागत नाही, ही सवय मात्र टिकली.

* * *

शेवटी न्यायालयांच्या मर्यादेचीही मर्यादा सांगायला हवी. हे सगळे निकाल आदेशांवर आहेत. आदेश म्हणजे कागद, त्यावर तारीख, सही. कागद असेल तर त्याला आव्हान देता येतं. चार आणि पाच नंबरमध्ये जीन्स शिवणारे कारागीर नगावर पैसे घेतात. घरी बसून धागे कापणाऱ्या बायांना तर मालक कोण हेही पुष्कळदा माहीत नसतं, माल आणणारा माणूस तेवढा माहीत असतो. दंडाच्या भीतीने अशा माणसाने ‘डोस नाही तर उद्यापासून येऊ नको’ असं म्हटलं, तर ते कोणत्या याचिकेत मांडायचं? तिथे ना समिती, ना कलम. सरकारने दुकानदाराला दिलेला धाक दुकानदाराने खाली सरकवला, आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचताना त्यातलं कारण पूर्ण गळून गेलं. फक्त अट पोचली.

म्हणून मला लेखी कारणाचा इतका आग्रह आहे. वर लिहिलेलं कारण खाली उतरतं, निदान उतरू शकतं. ऑगस्ट २०२१मध्ये स्टेशनांवर मदतकक्ष उघडले होते. तिथे पालिकेचे कर्मचारी प्रमाणपत्र तपासून शिक्का देत. त्या टेबलामागच्या भिंतीवर मराठी, हिंदी आणि सिंधीत एक कागद चिकटवता आला असता. दोनच डोस का, चौदाच दिवस का, दुसऱ्या डोसाची तारीख आली नसेल तर काय करायचं, चाचणी फुकट कुठे होते, ही अट कधीपर्यंत आहे, आणि पटलं नाही तर कोणाकडे जायचं. आपल्या हिशेबातला माणूस कदाचित तो वाचूनही चिडला असता. पण त्याला भांडायला काहीतरी मिळालं असतं. आणि टेबलावरच्या कर्मचाऱ्याला ‘वरून ऑर्डर आहे’ याच्यापेक्षा बरं उत्तर देता आलं असतं.